गांधीजींचा अणुबॉम्ब आणि २५५ चा आकडा: व्हिडिओ गेममधल्या गफलतींचा इतिहास



आजचा विषय कळल्यावर आम्हाला दोन-तीन जणांनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात व्हिडिओ गेम कुठून आले? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका गोष्टीने देतो. आपल्यापैकी अनेकांनी ती ऐकली असेल.

१९९१ मध्ये मायक्रोप्रोझ या अमेरिकन कंपनीने ‘सिव्हिलायझेशन’ नावाचा खेळ आणला. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो रचला होता. एक संस्कृती निवडायची, अश्मयुगापासून सुरुवात करायची आणि अंतराळयुगापर्यंत तिला न्यायचं. बाकीच्या संस्कृती संगणक चालवतो. रोमचे सीझर, अमेरिकेचे लिंकन आणि भारताचे महात्मा गांधी. गोष्ट अशी, की प्रत्येक नेत्याच्या आक्रमकतेला एक आकडा होता. गांधीजींचा सगळ्यात कमी, म्हणजे १. एखाद्या संस्कृतीने लोकशाही स्वीकारली की हा आकडा २ ने कमी व्हायचा. १ वजा २ म्हणजे उणे १. पण संगणकाच्या त्या खणात उणे आकडा मावत नव्हता. मग आकडा उलटा फिरून थेट २५५ व्हायचा. दहाच्या पट्टीवर २५५! लोकशाही आली रे आली, की गांधीजी सगळ्या जगावर अणुबॉम्ब टाकायला निघायचे.

हसू आलं ना? आम्हालाही आलं होतं. इतकंच नाही, ही गोष्ट आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना सांगितली आहे, आणि एकदा नव्हे, अनेकदा. ती सध्या बाजूला ठेवू. तिच्यापर्यंत पोचायला आधी खऱ्या गफलतींच्या गावाला जाऊन यावं लागेल.

गफलत, किंवा खेळणारी मुलं म्हणतात ते ‘ग्लिच’, म्हणजे काय? खेळ करणाऱ्याने जे ठरवलं नव्हतं ते खेळात घडणं. पण यंत्राच्या बाजूने पाहिलं तर यंत्र काही चुकत नाही. त्याला सांगितलेलं ते अगदी निमूटपणे करतं. सांगणाऱ्याने एखादी शक्यता धरलेली नसते, एवढंच.

सुरुवात १९७८ पासून करू. जपानच्या ताइतो कंपनीचा ‘स्पेस इनव्हेडर्स’. कर्ते तोमोहिरो निशिकादो. पडद्यावर परग्रहवासीयांच्या पाच रांगा, एका रांगेत अकरा, म्हणजे एकूण ५५. ते डावीउजवीकडे सरकत खाली येतात आणि आपण तळातून गोळ्या झाडायच्या. ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांना आठवत असेल, की सुरुवातीला ही फौज रमतगमत चालते, पण जसजसे गडी कमी होतात तसतशी वेग घेते. शेवटचा एकटा तर भिरभिरत सुटतो.

हा वेग कुणी ठरवून दिलेला नव्हता. यंत्र अशक्त होतं. ५५ जणांना एकदम हलवणं त्याला झेपत नव्हतं. म्हणून ते एका चित्रचौकटीत एकालाच एक पाऊल हलवायचं. सेकंदाला साठ चौकटी धरल्या, तर ५५ जणांची एक फेरी पूर्ण व्हायला जवळजवळ एक सेकंद लागणार. दहाच उरले तर फेरी लवकर संपणार. एकच उरला तर त्याचा नंबर प्रत्येक चौकटीत लागणार. म्हणजे शत्रू चवताळत नव्हता, यंत्राच्या डोक्यावरचं ओझं उतरत होतं. निशिकादो यांच्या हे लक्षात आलं, त्यांना ते आवडलं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. शेवटी शेवटी खेळ अवघड होत जावा ही आज आपण गृहीत धरलेली गोष्ट अशी यंत्राच्या दमछाकीतूनही आली आहे.

आता १९८०. नामको कंपनी, तोरू इवातानी यांचा ‘पॅकमॅन’. हा नीट समजून घेऊ, कारण २५५ चा आकडा इथे भेटतो.

त्या काळच्या यंत्रात एक आकडा ठेवायला साधारण एक बाइट जागा मिळायची. बाइट म्हणजे आठ दिव्यांची माळ समजा. प्रत्येक दिवा एकतर चालू, नाहीतर बंद. अशा आठ दिव्यांच्या २५६ रचना होतात, म्हणून ० ते २५५ एवढेच आकडे तिथे बसतात. २५५ मध्ये एक मिळवला की २५६ होत नाही, शून्य होतो. जुन्या स्कूटरच्या मीटरवर ९९९९९ नंतर पुन्हा सगळी शून्यं यायची, तसंच.

पॅकमॅनमध्ये पडद्याच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात फळांची छोटी चित्रं दिसतात. आपण कितव्या पातळीवर आहोत, ते त्यांवरून कळतं. पहिल्या पातळीला एक चेरी, दुसरीला चेरी आणि स्ट्रॉबेरी, असं करत जास्तीत जास्त सात चित्रं. त्यासाठी यंत्राला सूचना साधी होती: पातळी आठच्या आत असेल तर तितकी फळं काढ, नाहीतर शेवटची सात काढ. आता कुणी चिकाटीने २५५ पातळ्या पार करून २५६ व्या पातळीवर पोचला तर? यंत्राच्या खणात शून्य येतं. शून्य तर आठच्या आतच! मग यंत्र फळं काढायला बसतं. एक काढलं की मोजणीतून एक वजा करायचा आणि शून्य आलं की थांबायचं. पण सुरुवातच शून्यापासून. त्यातून एक वजा केला तर मीटर उलटं फिरून २५५. मग थांबायचं कधी? सातऐवजी २५६ फळं काढून झाल्यावर. तेवढी चित्रं तर यंत्राकडे नाहीतच. म्हणून ते शेजारच्या खणांतलं जे हाताला लागेल ते, अक्षरं, आकडे, रंगांचे तुकडे, पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागावर फासत सुटतं.

डावीकडे नेहमीचा चक्रव्यूह आणि उजवीकडे कचरा. पातळी संपवायला २४४ ठिपके खावे लागतात आणि या पडद्यावर तेवढे उरतच नाहीत. म्हणजे खेळ जिंकताही येत नाही आणि पुढेही जात नाही. करणाऱ्यांनी शेवट लिहिलाच नव्हता, तो या गफलतीने लिहिला. पॅकमॅनमध्ये मिळू शकणारे जास्तीत जास्त गुण किती, हेही तीच ठरवते: ३३,३३,३६०.

इथे एक मुद्दा नोंदवून ठेवू. हे आम्ही तुम्हाला इतक्या खात्रीने का सांगू शकतो? कारण खेळाडूंनी तो पडदा प्रत्यक्ष गाठून दाखवला आहे. नंतर जाणकारांनी यंत्राच्या चिपमधला प्रोग्रॅम बाहेर काढून ओळ न ओळ वाचली. आजही कुणाला शंका असेल तर त्याने तिथवर जाऊन पाहावं. तीच गफलत, तशीच दिसेल.

पुढचा खेळ आपल्या घरातला. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. निंटेंडो कंपनीचे शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा. आपल्याकडे नव्वदच्या दशकात निंटेंडोचं अस्सल यंत्र फारच थोड्या घरांत होतं. आपण खेळलो ते त्याच्या नकलेवर. दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत टीव्हीला वायर जोडायची आणि कॅसेट लावायची. हो, आपण कॅसेटच म्हणायचो. लागली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची. कॅसेटवर छापलेलं असायचं ‘९९९९९९९ इन १’. यादी लांबलचक, पण खेळ मोजकेच. तोच मारिओ वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या टप्प्यावरून सुरू व्हायचा.

या मारिओत १-२ नावाचा जमिनीखालचा टप्पा आहे. त्याच्या शेवटी पाइपाशी उभं राहून, काही विटा फोडून, नेमक्या जागेवरून पाठमोरी उडी घेतली, तर मारिओ भिंतीत अडकण्याऐवजी भिंतीतूनच सरकत पलीकडे जातो. पलीकडे तीन पाइप असलेली गुप्त खोली आहे. तिथे नीट वाटेने गेलं तर प्रत्येक पाइप कुठे जातो याची माहिती यंत्र आधी भरून घेतं. भिंतीतून घुसलेला मारिओ मात्र ही माहिती भरण्याआधीच पोचतो. पाइपात उतरला की पडद्यावर येतं ‘वर्ल्ड -१’. पाण्याखालचा टप्पा. शेवटी पाइप आहे, पण त्यात शिरलं की पुन्हा सुरुवातीलाच. वेळ संपेपर्यंत पोहत राहायचं.

मुलांनी याला नाव दिलं ‘मायनस वर्ल्ड’, उणे जग. गंमत अशी, की ते उणे मुळी नाहीच. ते आहे ३६-१. यंत्राला ३६ हा आकडा दाखवता येत नाही. चित्रांच्या साठ्यात ३६ व्या क्रमांकावर नेमका कोरा चौकोन आहे. म्हणून मधली रेघ आणि पुढचा १ एवढंच दिसतं. मुलांनी जे दिसलं ते प्रामाणिकपणे वाचलं, पण अर्थ चुकीचा लावला. इतिहासाच्या अभ्यासकांना हे फार ओळखीचं आहे. शिलालेखातलं एक अक्षर झिजलेलं असतं आणि त्यावरून एक नवंच गाव जन्माला येतं!

जपानी मुलं तर याच्याही पुढे गेली. मारिओ सुरू असताना, यंत्र बंद न करता, कॅसेट उपटून तिथे टेनिसची कॅसेट लावायची. थोडं टेनिस खेळायचं. मग पुन्हा मारिओची कॅसेट. टेनिसपटू कोर्टावर किती पावलं चालला, त्यावरून मारिओ कोणत्या अजब जगात निघणार ते ठरायचं. कारण टेनिस जिथे पावलं मोजत होतं, त्याच खणात मारिओ आपल्या जगाचा क्रमांक ठेवत होता. विचार करा, कुठल्या शहाण्या माणसाला हे सुचलं असतं? हा शोध लावायला यंत्र बिघडण्याची भीती नसलेलं मूलच हवं.

आणि आता १९९६, ‘पोकेमॉन’. जपानमध्ये त्या वर्षी आला आणि १९९८ मध्ये अमेरिकेत. या खेळात एक म्हातारा आपल्याला पोकेमॉन कसा पकडायचा याचं प्रात्यक्षिक दाखवतो. तेवढ्यापुरतं पडद्यावर खेळाडूच्या नावाच्या जागी म्हाताऱ्याचं नाव दाखवायचं असतं. मग खेळाडूचं खरं नाव ठेवायचं कुठे? जागेची काटकसर. जंगलात कोणते पोकेमॉन भेटतील याची यादी ज्या खणात असते, तिथे ते तात्पुरतं ठेवलं. पुढच्या जंगलात गेलं की नवी यादी भरली जाणारच, मग काय बिघडतं?

बिघडलं ते असं. सिनाबार नावाच्या बेटाच्या पूर्व किनाऱ्याला पाण्याची एक पट्टी आहे. तिथे पोकेमॉन भेटतात, पण त्यांची स्वतःची यादी भरायची राहून गेली होती. म्हाताऱ्याला भेटून थेट तिथे उडत गेलं, की यंत्र जुन्या खणात जे असेल ते यादी म्हणून वाचतं. आणि तिथे काय असतं? तुमचं नाव! तुमच्या नावातल्या अक्षरांतून पोकेमॉन तयार व्हायचे. त्यातलाच एक चेहरा नसलेला, फाटक्या विटेसारखा तुकडा: ‘मिसिंगनो’, म्हणजे ‘क्रमांक गहाळ’. तो भेटला की पिशवीतल्या सहाव्या वस्तूची संख्या एकदम १२८ ने वाढायची. कंपनीने इशारा दिला, की अशाने सेव्ह केलेला खेळ बिघडू शकतो. मुलांनी तो वाचला आणि सहाव्या जागेवर आपली सगळ्यात मौल्यवान वस्तू ठेवून बेटाकडे धाव घेतली.

हे सगळं शाळेच्या मैदानावर तोंडोतोंडी पसरलं. पण त्याच मैदानावर, त्याच तोंडांनी, आणखी एक बातमी पसरली होती. बंदरात एक ट्रक उभा आहे, तो हलवला की खाली ‘म्यू’ नावाचा दुर्मीळ पोकेमॉन सापडतो. ट्रक खरोखरच आहे. बाकी खेळात कुठेही ट्रक नसताना तिथे मात्र एक उगाच उभा आहे. म्हणजे संशयाला जागा पुरेपूर. पण त्याच्याखाली काहीही नाही. पुढे काही वर्षांनी वेगळ्याच एका गफलतीतून म्यू मिळवता येतो हे सापडलं, पण ट्रकाखाली तो कधीच नव्हता.

आता या दोन बातम्या शेजारी ठेवून पाहा. एकीकडे: म्हाताऱ्याशी बोला, बेटावर उडा, किनाऱ्याने वरखाली पोहा, वस्तू १२८ ने वाढेल. दुसरीकडे: ट्रकाखाली खजिना आहे. ऐकणाऱ्याला यातली खरी कोणती वाटेल? पहिली निव्वळ वेडगळ आहे, दुसरी पटण्यासारखी. खरी निघाली ती वेडगळ. आणि मुलांनी ती ओळखली कशी? दोन शब्दांत: ‘करून दाखव.’ मधल्या सुट्टीत एकाने करून दाखवलं, चौघांनी पाहिलं, संध्याकाळी घरी जाऊन स्वतः केलं. ट्रकवाल्याला मात्र कधीच करून दाखवता आलं नाही. तो म्हणायचा, माझ्या मावसभावाने पाहिलंय.

चला, आता गांधीजींकडे परत येऊ.

पॅकमॅनचं मीटर उलटं फिरणं खरं होतं, म्हणून १ वजा २ बरोबर २५५ हे ऐकताक्षणी पटतं. पण २०२० मध्ये सिड मायर यांचं आत्मचरित्र आलं आणि त्यात त्यांनी स्पष्ट सांगितलं, की १९९१ च्या खेळात अशी गफलत नव्हतीच. खेळ ज्या सी भाषेत लिहिला, तिच्यात असे आकडे मुळातच उणे होऊ शकतात, मीटर उलटं फिरायचा प्रश्न नाही. शिवाय राज्यपद्धती बदलल्याने आक्रमकतेचा आकडा बदलतच नव्हता. दुसऱ्या भागाचे प्रमुख रचनाकार ब्रायन रेनल्ड्स यांनीही सांगितलं, की आक्रमकतेच्या पायऱ्या तीनच होत्या. गांधीजी सर्वांत खालच्या पायरीवर होते हे खरं, पण तिथे ते एकटे नव्हते. एक तृतीयांश नेते त्याच पायरीवर होते.

मग ही गोष्ट आली कुठून? २०१० मध्ये मालिकेचा पाचवा भाग आला. त्याचे रचनाकार जॉन शेफर यांनी गंमत म्हणून गांधीजींचा अण्वस्त्रांकडचा कल मुद्दाम १२ ठेवला, पट्टी दहापर्यंतची असताना. ही गफलत नव्हती, जाणूनबुजून केलेला विनोद होता. २५५ ची गोष्ट मात्र २०१२ मध्ये, म्हणजे मूळ खेळानंतर एकवीस वर्षांनी, एका संकेतस्थळावर कुणीतरी लिहिली. तिथून ती बातम्यांत गेली, आणि मग लोक म्हणू लागले, की पाचव्या भागातला विनोद ही त्या जुन्या गफलतीची आठवण आहे. म्हणजे आधी नातू जन्माला आला आणि मागाहून आजोबांची वंशावळ लिहिली गेली!

पण जुने खेळाडू शपथेवर सांगत होते, की गांधीजींनी आम्हाला अणुबॉम्बची धमकी दिली होती. ते खोटं बोलत नव्हते. त्या खेळात अण्वस्त्रं हाती आलेला कोणताही नेता तशीच धमकी द्यायचा. लिंकनही द्यायचे. भारताची संस्कृती शांतताप्रिय आणि विज्ञानाकडे झुकलेली ठेवलेली, त्यामुळे तिला अणुविद्या अनेकदा लवकर सापडायची. लिंकनची धमकी कुणाच्या ध्यानात राहिली नाही, गांधीजींची राहिली. आठवण खरी, तिचं कारण मात्र मागाहून शिवलेलं.

आपण भारतीय या हसण्यात सामील झालो, कारण विरोधाभास होताच तसा. १९७४ च्या पोखरणच्या चाचणीला आपण ‘स्मायलिंग बुद्धा’ असं नाव दिलं होतं, त्यामुळे अहिंसा आणि अणुबॉम्ब शेजारी बसलेले आपल्याला नवे नाहीत. पण खरे गांधीजी यावर काय म्हणाले होते, हे हसणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिलं? १९४६ मध्ये ‘हरिजन’मध्ये त्यांनी अणुबॉम्बवर लिहिलं आणि अहिंसेवरची आपली श्रद्धा त्याने ढळलेली नाही, असं सांगितलं. आज जगभरच्या कित्येक तरुणांना गांधीजींची पहिली ओळख २५५ च्या विनोदातून होते. म्हणून हा प्रश्न आम्हाला नुसता खेळापुरता वाटत नाही.

मराठी इतिहासाच्या अभ्यासात आपण एक भेद शिकतो: बखर आणि अस्सल कागद. बखर रसाळ असते, घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेली असते, आणि प्रत्येक गोष्टीला तिच्यात नेटकं कारण असतं. अस्सल कागद तुटक, कंटाळवाणा, कधीकधी निरर्थकही वाटतो. २५५ ची गोष्ट ही बखर आहे. पॅकमॅनचा अर्धा पडदा हा अस्सल कागद आहे. आणि आम्ही, ज्यांनी आयुष्यभर हा भेद शिकवला, आम्ही बखर हातात घेऊन वर्गात उभे होतो. कारण तिच्यात आकडेमोड होती. आकडेमोड बरोबर होती, म्हणून घटनाही घडली असणार, असं आम्ही धरून चाललो. १ वजा २ चं २५५ कसं होतं हे आम्ही फळ्यावर मांडून दाखवलं. ते त्या खेळात होतं का, हे मात्र पाहिलं नाही. १९९१ चा तो खेळ तर उपलब्ध होता. कुणीही चालवून, लोकशाही आणून, गांधीजी काय करतात ते पाहू शकलं असतं.

इतिहासात हे भाग्य सहसा लाभत नाही. पानिपत पुन्हा घडवून पाहता येत नाही. साधनं ताडून पाहायची, एवढंच हाती असतं. व्हिडिओ गेमच्या इतिहासात मात्र घटना पुन्हा घडवता येते. मिसिंगनो आजही त्याच किनाऱ्यावर भेटतो, मारिओ आजही त्याच भिंतीतून सरकतो. जिथे तपासणं इतकं सोपं होतं, तिथेही आम्ही तपासलं नाही. मग जिथे अवघड आहे तिथे किती गोष्टी आम्ही अशाच, नुसत्या पटल्या म्हणून, पुढे दिल्या असतील?

हा प्रश्न आमच्यासाठी उघडाच आहे. तुमच्यापुढेही तो तसाच ठेवतो. पुढच्या वेळी कुणी एखादी फारच नेटकी, फारच हसवणारी ऐतिहासिक गोष्ट सांगितली, आम्हीच सांगितली तरी, तर मधल्या सुट्टीतल्या त्या पोरांसारखं म्हणा: करून दाखव. आणि करून दाखवता येण्यासारखी नसेल, तर कागद दाखव.